बुशिंगशिवाय पेन : प्रस्तावना

लेथवर पेन कातण्याचा छंद आपल्याकडे आला तो किटच्या पाकिटातून. पाकिटात पितळेच्या दोन नळ्या, पुढचं टोक, मधलं कडं, क्लिप, फिरवायची यंत्रणा आणि रिफिल एवढा ऐवज असतो. लाकूड आपलं. त्याला आरपार भोक पाडायचं, नळी आत चिकटवायची, दोन्ही तोंडं नळीशी काटकोनात सपाट करायची आणि तुकडा लेथवर चढवून बारीक करायचा. किती बारीक, हे सांगण्यासाठी विक्रेता आणखी एक चिमुकलं पाकीट विकतो. त्यात पोलादाची कडी असतात, तीच बुशिंग. मँड्रेल नावाच्या लांब सळईवर बुशिंग, लाकूड, बुशिंग, लाकूड, बुशिंग अशा क्रमाने सगळं ओवायचं, शेवटी नट आवळायचा आणि लाकूड बुशिंगच्या पातळीला येईपर्यंत पटाशी चालवायची. पातळीला आलं की थांबायचं. मोजायचं काही नाही, वहीत लिहायचं काही नाही.

या सोयीमुळेच छंद पसरला, हे मान्य करायला हवं. बुशिंग नसती तर पुष्कळ जण पहिल्या पेनापर्यंत पोचलेच नसते. तेव्हा नवशिक्याच्या हातातून बुशिंग हिसकावून घेण्यासाठी हे पुस्तक लिहिलेलं नाही. मात्र एक पेन बनवणं निराळं आणि पेन बनवता येणं निराळं, आणि पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत जाताना बुशिंग आडवं येतं. ते माप सांगतं, पण ते माप आपण घेतलेलं नसतं. कुठल्याशा कारखान्यात कुणीतरी कधीतरी घेतलेलं माप आपण उसनं आणतो, त्यावर बिनघोर विसंबतो आणि पेन जोडल्यावर क्लिपपाशी लाकडाची कड बोटाला लागली की आपल्या हाताला बोल लावतो. माझा अनुभव असा, की बहुतेक वेळा हाताची काही चूक नसते. माप भलत्या जागेवरून आलेलं असतं.

सगळ्यांत प्रचलित बारीक पेनाचं उदाहरण घेऊ. त्याला स्लिमलाइन म्हणतात. त्याची नळी सात मिलिमीटरची, आणि बुशिंगचा व्यास साधारण ८.४ मिलिमीटर. म्हणजे तोंडाशी नळीभोवती लाकूड उरतं ते चौफेर अवघं ०.७ मिलिमीटर. एवढ्या पातळ सालीत ०.१ मिलिमीटरचा फरक म्हणजे जाडीचा सातवा हिस्सा. वहीच्या साध्या कागदाची जाडी जवळपास तेवढीच असते. डोळ्याला हा फरक कदाचित दिसणार नाही, पण पेन हातात घेणाऱ्याचं बोट तिथे अडखळतं, आणि पेन ही शेवटी बोटांनीच पारखायची वस्तू आहे.

हा ०.१ येतो कुठून? मँड्रेलची सळई सुमारे ६.२५ मिलिमीटरची. बुशिंग तिच्यावर सरकून बसायला हवं, म्हणून त्याचं भोक सळईपेक्षा किंचित मोठं ठेवतात. बुशिंगची मान नळीत शिरायला हवी, म्हणून ती नळीच्या पोकळीपेक्षा किंचित लहान ठेवतात. दोन्ही ठिकाणी थोडी सैल जागा राहते. कारखान्यात तिला प्ले म्हणतात. नशीब चांगलं असलं तर दोन्ही प्ले एकमेकांना खाऊन टाकतात. नसलं तर एकाच बाजूला साचतात आणि तुकडा नळीच्या मध्याभोवती न फिरता जरा बाजूच्या मध्याभोवती फिरतो. कातून तो गोलच होतो, फक्त बाहेरच्या गोलाचा मध्य आणि नळीचा मध्य एक राहत नाही. पेन जोडलं की एका बाजूला लाकूड धातूच्या वर येतं आणि बरोबर समोरच्या बाजूला धातू लाकडाच्या वर. ही खूण पक्की ध्यानात ठेवावी. लाकूड चहूबाजूंनी सारखंच वर असेल तर व्यास चुकला आहे. एकीकडे वर आणि समोर खाली असेल तर मध्य चुकला आहे. दोन्ही आजार वेगळे, आणि जोडलेल्या पेनावर काचपेपर घासणं हे दोन्हींवरचं औषध नव्हे.

त्यात मँड्रेलची स्वतःची खोड. सळई बारीक आणि लांब. दोन्ही तुकडे एकाच वेळी चढवायचे म्हटल्यावर ती लांब असणारच. टेलस्टॉकचं टोक तिच्या शेंड्यावर दाबून ठेवायचं असतं. दाब कमी पडला तर शेंडा थरथरतो, जास्त झाला तर सळई मधोमध वाकते. वाकणं डोळ्यांना दिसत नाही, पण पेनाचा मध्यही नेमका तिथेच असतो. मधल्या कड्यापाशी जोड बिघडल्याची तक्रार सगळ्यांत जास्त का येते, याचं उत्तर या वाकण्यात आहे. यावर बाजारात पोकळ टेलस्टॉक सेंटर मिळतं. सळई त्याच्या पोटात शिरते आणि दाब सळईवर न पडता बुशिंगवर पडतो. चांगली वस्तू आहे, सळईचं वाकणं ती बरंच थांबवते. प्ले मात्र तसाच राहतो.

सगळ्यांत फसवी गोष्ट झीज. लाकूड घासताना काचपेपर बुशिंगवरही घासतो. पोलाद झालं म्हणून काय, दर पेनागणिक ते थोडं उतरतं, कडा गोलावतात, आणि आपण त्या उतरलेल्या पातळीपर्यंत लाकूड इमानाने उतरवत राहतो. पट्टी आखूड होत चालली आहे, हे पट्टीकडे पाहून कळत नाही. शिवाय घासलेल्या पोलादाची काळी पूड हळदू, शिवण अशा फिक्या लाकडाच्या तोंडाशी मुरते, ती नंतर निघत नाही. कड्यापाशी दिसणारी ती करडी रेघ पुष्कळांना लाकडाचाच रंग वाटते.

या सगळ्यावरचा उपाय बुशिंगपेक्षा कितीतरी जुना आहे. मोटर येण्याआधी आपल्याकडचे कातारी ज्या साधनावर काम करत, त्याची रचना आठवून पाहा. दोन पक्के खुंट, त्यांतून समोरासमोर आलेली दोन लोखंडी टोकं आणि त्या टोकांमध्ये अडकवलेला लाकडाचा तुकडा. तुकड्याला दोरी गुंडाळून साथीदाराने आळीपाळीने ओढायची. तुकडा एकदा पुढे फिरणार, एकदा मागे, आणि पुढच्या फेरीतच कातारी पटाशी लावणार. चक नाही, मँड्रेल नाही. वस्तूचा मध्य म्हणजे त्या दोन टोकांना जोडणारी रेषा. त्यात शंकेला जागाच नाही. सावंतवाडीची लाकडी खेळणी आणि फळं, चन्नपट्टणची लाखेची खेळणी ज्या कलेतून आली ती ही कला. आयटीआयमध्ये टर्नरचा ट्रेड केलेल्यांना तर हे सांगायलाच नको. दोन सेंटरांमध्ये शाफ्ट धरायचा, कॅरिअर लावायचा आणि एका बाजूने कातून झाल्यावर शाफ्ट उलटा करून दुसऱ्या बाजूने कातायचा, हे त्यांनी शिकाऊ वयातच केलेलं असतं. काढून पुन्हा चढवलं तरी मध्य ढळत नाही, हा या पद्धतीचा मोठा गुण. कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा पिंपरी-भोसरीच्या पट्ट्यात आयुष्यभर लेथपुढे उभे राहिलेले आणि आता निवृत्त झालेले पुष्कळ लोक आहेत. पेन कातण्यासाठी लागणाऱ्या गोष्टींपैकी अवघड त्या त्यांच्याकडे आधीच आहेत. हे पुस्तक त्यांच्या हाती पडावं, अशी माझी फार इच्छा आहे.

पेनाच्या बाबतीत ही पद्धत अशी चालते. हेडस्टॉकमध्ये साठ अंशांचं स्थिर सेंटर, टेलस्टॉकमध्ये साठ अंशांचंच फिरतं सेंटर. त्या दोन शंकूंच्या मध्ये, चिकटवलेल्या नळीसकट, एकच तुकडा. नळीची दोन्ही तोंडं शंकूंवर आपोआप मधोमध बसतात. आता नळी स्वतःच्याच मध्याभोवती फिरते, आणि जुळणारे धातूचे भागही याच नळीत बसणार असतात. त्यामुळे लाकूड, नळी आणि धातू यांचा मध्य एक होतो. मधले सगळे दलाल गेले. तुकडा फिरतो तो शंकू आणि पितळ यांच्या घर्षणावर. पटाशी चुकून रुतली तर तुकडा जागच्या जागी घसरतो, बहुधा फुटत नाही. म्हणून पद्धत वाटते त्यापेक्षा क्षमाशील आहे.

तिच्या अटी मात्र काटेकोर आहेत, आणि पुस्तकाचा बराच भाग त्या अटींवरच खर्च झाला आहे. पहिली अट म्हणजे दोन्ही सेंटरांची टोकं एका रेषेत असली पाहिजेत. टेलस्टॉक पुढे सरकवून टोकाला टोक भिडवून पाहावं, वरून आणि बाजूनेही. स्वस्त लाकडी लेथमध्ये ती पुष्कळदा भिडत नाहीत. मग टेलस्टॉक पत्र्याचे तुकडे घालून जागेवर आणावा लागतो. स्थिर सेंटर विकत घेण्यापेक्षा जमल्यास स्वतः करावं. चकात पोलादाचा तुकडा पकडायचा, तिथेच त्याला साठ अंशांचा शंकू काढायचा आणि चकातून न सोडता तसाच वापरायचा. जिथे कातला तिथेच फिरणारा शंकू लंगडत नाही. तुकडा एकदा चकातून निघाला की हा फायदा संपला. पुढच्या वेळी हलका हात फिरवून शंकू पुन्हा ताजा करायचा.

दुसरी अट पितळेच्या तोंडाची. नळी कापताना किंवा तोंड सपाट करताना आतल्या कडेला बारीक काटा उभा राहतो. शंकू त्या काट्यावर बसला तर सगळी मेहनत वाया. त्यामुळे काटा हाताने, हलकेच, काउंटरसिंकने काढून टाकायचा. तोंड नळीला काटकोनात हवं, कारण शेवटी धातूचा भाग तिथे टेकणार आहे.

तिसरी अट दाबाची. पितळ पातळ आणि शंकू तिरपा. टेलस्टॉकचं चाक पीळ देऊन आवळलं की नळीचं तोंड तुतारीसारखं फाकतं, लाकडाला तोंडाशी चीर जाते, आणि ते पेन तिथेच संपतं. दाब इतकाच हवा की हलक्या कापाला तुकडा घसरू नये. यातून पुढचा प्रश्न निघतो. चौकोनी तुकडा गोल करताना पटाशीला एकामागून एक चार कोपऱ्यांचे झटके बसतात; ते पातळ नळीने कसे सोसायचे? सोसू नयेत. म्हणून या पुस्तकात कामाचा क्रमच बदलला आहे. भरीव तुकडा नळी घालण्याआधीच दोन सेंटरांमध्ये धरून गोल करायचा. मग तो कॉलेटमध्ये पकडायचा आणि टेलस्टॉकमध्ये ड्रिल लावून लेथवरच भोक पाडायचं. ड्रिल वारंवार मागे घेऊन भुसा काढत राहायचं, कारण तापलेल्या ड्रिलने लाकूड आतून तडकतं. तुकडा गरजेपेक्षा लांब ठेवायचा आणि ड्रिल पलीकडून बाहेर पडण्याआधी थांबून जादा भाग कापून टाकायचा. म्हणजे पलीकडचं तोंड उखडत नाही. अशा तुकड्यात भोक आणि बाहेरची गोलाई पहिल्यापासूनच एका मध्यावर असतात. नळी चिकटवल्यानंतर सेंटरांमध्ये करायचं काम उरतं ते हलकं.

आता मापाकडे येऊ, कारण बुशिंग गेलं की माप आपल्या गळ्यात पडतं. पाकीट उघडल्यावर लाकडाला हात लावण्याआधी व्हर्नियर हातात घ्यायचा. पुढच्या टोकाचा लाकडाला टेकणारा व्यास, मधल्या कड्याचा खालचा आणि वरचा व्यास, क्लिपकडच्या टोपीचा व्यास, हे चार आकडे कागदावर लिहायचे. प्रत्येक व्यास दोन दिशांनी घ्यायचा, कारण धातूचा भागही दर वेळी नेमका गोल असतोच असं नाही. एकाच दुकानातून एकाच नावाची दोन पाकिटं आणली तरी आकडे तंतोतंत जुळतील याची हमी नाही, आणि मुलामा वेगळा असेल तर नाहीच नाही. बुशिंग या सगळ्या पाकिटांसाठी एकच. ही विसंगती एकदा व्हर्नियरवर पाहिली की बुशिंगबद्दलची श्रद्धा आपोआप उतरते.

व्हर्नियर साधा असला तरी चालेल. ०.०२ मिलिमीटर वाचणारा, घासून मऊ झालेल्या जबड्यांचा जुना व्हर्नियर मला बॅटरीवर चालणाऱ्या स्वस्त व्हर्नियरपेक्षा भरवशाचा वाटतो. बॅटरीवाल्याला शून्य विसरायची सवय असते. माप घेताना लेथ थांबवायचा. फिरत्या लाकडाला जबडे लावणारे लोक मी पाहिले आहेत. ते मापही चुकवतात आणि बोटंही धोक्यात घालतात. पटाशीने शेवटच्या मापापर्यंत जायचं नाही. लक्ष्यापेक्षा सुमारे ०.२ मिलिमीटर वर थांबायचं, उरलेलं काम काचपेपरचं. काचपेपर किती खातो याचा अंदाज लाकडागणिक बदलतो. सागात खनिजाचे कण असतात, ते पटाशीची धार लवकर मारतात आणि पेपरही लवकर बोथट करतात. शिसव घट्ट, पण तेलकट. चिंच आणि बाभूळ यांना धारदार पटाशीच हवी; बोथट पटाशी त्यांना कापत नाही, नुसती तापवते.

मापाची आणखी एक बाजू आहे, जिथे बुशिंगवर कातणारा हमखास अडतो. पेनावर चढवायचा लेपही जागा घेतो. सायनोअॅक्रिलेटचे, म्हणजे आपल्या झटपट चिकटणाऱ्या गोंदाचे, पातळ थर एकावर एक देऊन घासून चकाकी आणण्याची पद्धत सध्या सर्वत्र चालते, आणि टिकाऊपणात तिला तोड नाही. पण थर चढले की व्यास वाढतो. म्हणून लाकूड धातूच्या मापाखाली थोडं उतरवून ठेवावं लागतं, म्हणजे लेप चढल्यावर ते बरोबर पातळीला येतं. बुशिंग वापरणाऱ्याने मापाखाली उतरायचं तरी कसं? त्याची पटाशी पोलादावर आदळते. शिवाय गोंद बुशिंगलाही चिकटतो, आणि ते तोडून काढताना तोंडाशी लेपाचा टवका उडतो. दोन सेंटरांमध्ये ही भानगडच नाही. शंकूला मेण चोळून ठेवलं की काम झालं. शिसवासारखं तेलकट लाकूड असेल तर लेपाआधी ते अॅसिटोनने पुसून घ्यावं.

गोंदाचा लेप ज्यांना प्लॅस्टिकसारखा वाटतो त्यांच्यासाठी लाखेचं प्रकरण वेगळं दिलं आहे. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबली की घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून पसरते, आणि मग केवड्याच्या पानाने घोटून तिला चकाकी आणतात, ही आपल्या लाखकामाची जुनी रीत. परदेशात पेन कातणारे फ्रिक्शन पॉलिश म्हणून जे बाटलीतून वापरतात, तेही मुख्यतः स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाखच. दिसायला सुंदर, हाताला ऊबदार. पण रोज वापरायच्या पेनावर घामाने ती काही महिन्यांत मंद पडते. देवघरात ठेवायच्या किंवा भेट द्यायच्या पेनाला लाख, खिशातल्या पेनाला गोंद, असा माझा निवाडा आहे. तो पटायलाच हवा असं नाही.

इथवरचं सगळं किटच्या पेनाबद्दल झालं. पुस्तकाचा उत्तरार्ध किट सोडून देतो, आणि खरं सांगायचं तर पूर्वार्ध लिहिला तो उत्तरार्धाकडे नेण्यासाठी. नळी नाही, पाकिटातलं कडं नाही. एबोनाइट किंवा अॅक्रिलिकची सळई, एक निब, तिची जीभ आणि शाई. बाकीचं सगळं, आट्यांसकट, लेथवर. अशा पेनाला बुशिंग असूच शकत नाही, कारण जुळवून घ्यायला आधीपासून तयार असलेला दुसरा भागच नसतो. पेनाचा प्रत्येक भाग दुसऱ्या भागाचं माप ठरवतो. नळकांड्यात आतून आटे पाडले, की तेच आटे त्याला लेथवर धरायचं साधन होतात. जुळणारे आटे असलेला एक खुंट चकात धरायचा, नळकांडं त्यावर पिळायचं आणि बाहेरून आकार द्यायचा.

ही कला परदेशी छंदीष्टांच्या पुस्तकांतून शिकायची गरज नाही. ती आपल्या देशात, दक्षिणेत, पिढ्यानपिढ्या चालू आहे. राजमहेंद्रीला रत्नम आणि गायडर, हैदराबादला डेक्कन, चेन्नईजवळ तिरुवळ्ळूरला रंगा. एबोनाइटची सळई लेथवर धरून पेन घडवणाऱ्या या कारखान्यांची नावं जगभरचे पेनप्रेमी आज आदराने घेतात. त्यांत रत्नम यांच्या पेनाचा वर्ध्याशी जिव्हाळ्याचा संबंध आहे. स्वदेशी वस्तू बनवण्याच्या प्रेरणेतून के. व्ही. रत्नम यांनी १९३० च्या दशकाच्या आरंभी राजमहेंद्रीला फाउंटन पेनं बनवायला सुरुवात केली. त्यांचं पेन अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाच्या जे. सी. कुमारप्पांमार्फत गांधीजींकडे पोचलं. १६ जुलै १९३५ रोजी वर्ध्याहून पाठवलेल्या पत्रात गांधीजींनी त्याबद्दल आभार मानले. आपण ते वापरून पाहिलं आणि बाजारातल्या परदेशी पेनांना तो चांगला पर्याय वाटतो, असं कळवलं. ग्रामोद्योग संघ स्थापन होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. चरख्याबद्दल आपण इतकं वाचतो. त्याच वर्ध्यात लेथवरच्या वस्तूचीही परीक्षा झाली होती, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं.

एबोनाइटबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण पेनासाठी याहून चांगलं द्रव्य मला ठाऊक नाही. रबरात गंधक मिसळून तापवलं की ते टिकाऊ होतं. ही चार्ल्स गुडइयर यांची युक्ती. तिचं अमेरिकन पेटंट १८४४ चं. गंधकाचं प्रमाण तीस-चाळीस टक्क्यांच्या घरात नेऊन बराच वेळ तापवलं की रबराचं रबरपण जातं आणि शिंगासारखा कडक पदार्थ हाती येतो. त्याचं पेटंट त्यांचे भाऊ नेल्सन गुडइयर यांना १८५१ मध्ये मिळालं. फाउंटन पेनाच्या पहिल्या अर्धशतकात पेन म्हणजे एबोनाइट असंच समीकरण होतं. ते उष्णता वाहून नेत नाही, म्हणून हातात धरलं की लगेच ऊबदार लागतं. शाई त्याच्या पृष्ठभागावर नीट पसरते, म्हणून निबेखालची जीभ आजही चांगल्या पेनांत एबोनाइटची असते. पटाशीखाली त्याची लांब, न तुटणारी फीत निघते, आणि कामाच्या जागी गंधकाचा वास भरतो. घरच्यांना त्याची पूर्वसूचना दिलेली बरी. तापलं तर ते मऊ पडतं आणि माप फसवतं, म्हणून वेग कमी ठेवायचा आणि माप थंड झाल्यावर घ्यायचं. उन्हात ठेवलेलं काळं एबोनाइट तपकिरी पडतं, ही त्याची एकमेव मोठी खोट.

आट्यांची प्रकरणं वाचकाला जड वाटतील, याची मला कल्पना आहे. टोपणासाठी तीन सुरुवातींचे आटे का हवेत, याचं उत्तर गणितात आहे. ०.८ मिलिमीटर अंतराचे साधे आटे असतील तर एका फेऱ्यात टोपण ०.८ मिलिमीटरच वर येतं. ते निघेपर्यंत सांगणाऱ्याचा फोन नंबर सांगून संपतो. तेच आटे तीन सुरुवातींचे केले की एका फेऱ्यात २.४ मिलिमीटर, आणि टोपण दीडेक फेऱ्यात हातात. असे टॅप आणि डाय महाग असतात, आणि या छंदातला सर्वांत मोठा खर्च तोच. लेथपेक्षाही आधी त्यांच्यासाठी पैसे बाजूला काढावेत, असं मी सुचवेन. निब मात्र घरी करण्याच्या भानगडीत पडू नये. जर्मनीच्या जोवो आणि बॉक या निबा जगभरचे कारागीर वापरतात, आणि भारतीय बनावटीच्याही चांगल्या निबा मिळतात.

धोक्यांबद्दल मोजकंच सांगतो. शिसवाची धूळ पुष्कळांच्या कातडीला आणि श्वासाला सोसत नाही, गोंदाच्या वाफा डोळ्यांना झोंबतात. तेव्हा मास्क, चष्मा आणि खिडकी उघडी. लांब बाह्या, अंगठी, गळ्यातली साखळी लेथपुढे नको. लेप लावायला कापड कधीही वापरू नये. कापड गुंडाळलं गेलं तर बोट ओढून नेतं, कागद फाटतो.

वाचकाने हे पुस्तक पहिल्या पानापासून वाचावं असा माझा आग्रह नाही. ज्याने किटची पेनं केली आहेत त्याने सरळ सेंटरांच्या प्रकरणापासून सुरुवात करावी. टर्नरचं काम येणाऱ्याने पूर्वार्ध चाळून एबोनाइटकडे जावं. अगदी नव्या माणसाने पहिली काही पेनं खुशाल बुशिंगवर करावीत. पेनाचा आकार हाताला कळू लागतो तो तिथेच. फक्त पहिल्या पेनापासून ते चार आकडे लिहायची सवय लावून घ्यावी, म्हणजे बुशिंग सोडायची वेळ आली की ती ओळखता येईल.

अशा पुस्तकांत शेवटी मापांचा तक्ता असतो, कुठल्या किटला किती मिलिमीटर याचा. तो मी जाणूनबुजून दिलेला नाही. छापलेला तक्ता म्हणजे पुन्हा उसनं मापच, आणि पाकीट बदललं की तो खोटा ठरणार. त्याऐवजी शेवटच्या काही पानांवर मोकळे रकाने आखले आहेत. ते पेन्सिलने भरावेत, आणि भरण्याआधी व्हर्नियरचं शून्य तपासून घ्यावं.